बीपीची गोळी बदलायची, पण कोणती आणि कशी?

सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचे वय ६१. २०११ पासून त्या रोज सकाळी अटेनोलॉल ५० मिलिग्रॅम आणि ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम एकत्र असलेली एकच गोळी घेतात. गेल्या महिन्यात नव्या फिजिशियननी त्यांना सांगितले की ही गोळी आता जुनी झाली आहे, ती बदलू या. त्यांच्या शेजारणीला मेटोप्रोलॉल आहे, वन्संना बायसोप्रोलॉल आहे आणि भाच्याच्या मते नेबिव्होलॉल सर्वांत चांगली. गोंधळून जाऊन त्यांनी आपली गोळी चार दिवस बंद करून पाहिली. चौथ्या दिवशी नाडी ११२ आणि बीपी १७८/१०४ झाले, तेव्हा घाबरून गोळी पुन्हा सुरू केली. एरवी त्यांचे बीपी १३८/८२ च्या आसपास आणि नाडी ५४ असते. ईसीजी व इको नॉर्मल आहेत, उपाशीपोटीची साखर ११२ आहे. वर्षभरापासून जिना चढताना पाय जड होतात आणि थकवा येतो. त्या विचारतात : ‘या सगळ्या एकाच जातीच्या गोळ्या असतील, तर यांतली सर्वांत चांगली कोणती? आणि चौदा वर्षे मी चुकीची गोळी घेतली काय?’

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमचा मुख्य प्रश्न गोळ्यांच्या तुलनेचा आहे आणि त्याचे उत्तर मी सविस्तर देणार आहे. परंतु चौथ्या पानाच्या तळाशी, सही झाल्यावर, ताजा कलम म्हणून तुम्ही जी दोन वाक्ये लिहिली आहेत, ती मला सबंध पत्रातली सर्वांत महत्त्वाची वाटली. पावसाळ्यात धाप लागते म्हणून तुम्ही अधूनमधून पंप ओढता आणि काचबिंदूसाठी रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत टिमोलॉलचे थेंब टाकता. ‘याचा बीपीशी काही संबंध नसेल, तरी लिहून ठेवते,’ असे तुम्ही म्हटले आहे. संबंध आहे, आणि तो अगदी थेट आहे. तुम्ही लिहून ठेवलेत याबद्दल मी तुमची आभारी आहे.

टिमोलॉल हेही तुमच्या अटेनोलॉलप्रमाणे बीटा-ब्लॉकर या वर्गातलेच औषध आहे. म्हणजे सकाळी पोटातून आणि रात्री डोळ्यांतून तुम्ही एकाच वर्गाची दोन औषधे घेत आहात. डोळ्यात टाकलेला थेंब अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतो आणि नाकाच्या अस्तरातून सरळ रक्तात जातो. गिळलेल्या औषधाचा काही भाग यकृत वाटेतच निकामी करते, तशी गाळणी या थेंबाच्या वाटेत नसते, त्यामुळे थेंब इवलासा असला तरी त्याचा परिणाम हृदयावर आणि श्वासनलिकांवर जाणवण्याइतका होऊ शकतो. तुमची ५४ ची नाडी आणि जिन्यावरचा थकवा यांत या थेंबांचा वाटा असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

आता या औषधांचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते, कारण पुढची सगळी तुलना त्यावर उभी आहे. भीती वाटली, धावपळ झाली, संताप आला की शरीरात ॲड्रेनालिन आणि त्याचे भाऊबंद स्रवतात आणि पेशींवर त्यांच्यासाठी ठरलेल्या जागांना जाऊन चिकटतात. त्या जागांपैकी बीटा-१ प्रकारच्या जागा मुख्यतः हृदयावर आणि मूत्रपिंडात असतात. तिथे ॲड्रेनालिन चिकटले की नाडी वाढते, हृदय जोराने आकुंचन पावते आणि रक्तदाब चढवणारे रेनिन स्रवते. बीटा-२ प्रकारच्या जागा श्वासनलिकांवर, रक्तवाहिन्यांवर आणि स्नायूंत असतात. तिथे ॲड्रेनालिन पोहोचले की श्वासनलिका सैल होऊन रुंदावतात. बीटा-ब्लॉकर या जागा आधीच अडवून बसतात. बीटा-१ अडवली तर बीपी आणि नाडी उतरते, हे आपल्याला हवे असते. बीटा-२ अडवली तर दमा असलेल्याची श्वासनलिका आवळते, हे आपल्याला मुळीच नको असते. तुमच्या पंपात सालब्युटामॉल असेल, तर ते नेमके याच बीटा-२ जागांवर काम करते, म्हणजे रात्री टिमोलॉलने जे दार लावले तेच उघडायला तुम्ही पंप ओढता आहात. अटेनोलॉल प्रामुख्याने बीटा-१ अडवते. टिमोलॉल मात्र दोन्ही अडवते, आणि दमा असलेल्या माणसाला ते देऊ नये असा स्पष्ट संकेत आहे.

माझ्या प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षातली एक चूक मी इथे सांगते. हात थरथरतात म्हणून एक शेतकरी आले होते. चहाचा कप उचलला की बशीवर वाजत राहतो, चारचौघांत लाज वाटते, असे ते सांगत होते. अशा थरथरीवर प्रोप्रॅनोलॉल उत्तम चालते. ‘दमा आहे का?’ असे मी विचारले, ते ‘नाही’ म्हणाले, आणि मी गोळी लिहून दिली. तिसऱ्या रात्री त्यांना जीपमधून आणले तेव्हा ते दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकून बसले होते आणि एकेका शब्दासाठी त्यांना थांबावे लागत होते. उपचारांनी ते सुधारले. सकाळी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘दरसाल मळणीच्या भुशानं यांना अशीच धाप लागते, पण दमा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.’ त्यांनी माझ्यापासून काहीच लपवले नव्हते. माझाच प्रश्न अपुरा होता. तेव्हापासून मी ‘दमा’ या शब्दापाशी थांबत नाही. धूळ, धुके, पाऊस, फोडणीचा खाट, रात्रीचा खोकला, लहानपणी छातीत वाजणारी शिट्टी, सगळे विचारते.

म्हणून गोळीचा निर्णय होण्याआधीच या आठवड्यात तुमच्या नेत्रतज्ज्ञांना भेटा आणि ‘मला पावसाळ्यात धाप लागते, मी पंप वापरते आणि बीपीसाठी अटेनोलॉलही घेते’ हे वाक्य जसेच्या तसे सांगा. काचबिंदूसाठी लॅटॅनोप्रॉस्टसारखे वेगळ्या जातीचे थेंब उपलब्ध आहेत आणि ते तुम्हाला चालतील की नाही हे तेच ठरवू शकतील. थेंब मनाने बंद करू नका, कारण डोळ्यातला दाब वाढून गेलेली नजर परत येत नाही. भेट होईपर्यंत थेंब टाकल्यावर डोळे मिटून नाकालगतचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून धरा, म्हणजे औषध नाकात कमी उतरते. मात्र या दिवसांत छातीत घरघर सुरू झाली किंवा बोलताना दम लागू लागला, तर वाट पाहू नका, त्याच क्षणी जवळचा दवाखाना गाठा.

आता त्या चार दिवसांविषयी. तुम्ही लिहिता की ‘गोळीशिवाय बीपी एवढे चढते म्हणजे हीच गोळी मला लागू आहे, असा अर्थ मी काढला.’ हा अर्थ बरोबर नाही. वर्षानुवर्षे बीटा जागा अडवलेल्या राहिल्या की शरीर त्या जागांची संख्या आणि संवेदनशीलता वाढवून ठेवते. औषध एकाएकी निघून गेले की नेहमीचेच ॲड्रेनालिन कितीतरी जास्त जागांवर तुटून पडते. नाडी उधळते आणि बीपी उसळून वर जाते. तुम्ही जे अनुभवलेत ते औषध अचानक तोडल्याचे लक्षण होते. त्यावरून ते औषध तुमच्यासाठी योग्य आहे की अयोग्य, काहीच सिद्ध होत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसात अशा उसळीमुळे छातीत कळ येऊ शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. माझे एक रुग्ण आषाढीच्या वारीत चालत असताना त्यांची पिशवी हरवली आणि गोळ्या तिच्याबरोबर गेल्या. पंढरपूर गाठले की घेऊ, असे म्हणून ते चालत राहिले आणि पाचव्या दिवशी मुक्कामाच्या तंबूतच त्यांना छातीत दुखू लागले. वेळेवर उपचार मिळाले म्हणून ते वाचले. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या प्रत्येकाने प्रवासात गोळ्यांची पट्टी दोन ठिकाणी विभागून ठेवावी, हे मी तेव्हापासून चिठ्ठीवरच लिहिते.

चौदा वर्षे चुकीची गोळी घेतली काय, हा प्रश्न तुम्ही फार कळवळून विचारला आहे. नाही बाई, चुकीची नव्हे. बीपी आटोक्यात राहिल्याने तुमच्या मेंदूचे, हृदयाचे आणि मूत्रपिंडांचे या चौदा वर्षांत रक्षण झाले आहे, आणि गोळी न घेण्यापेक्षा ती घेणे शंभर पटींनी शहाणपणाचे होते. मात्र गोळ्यांविषयीचे वैद्यकाचे मत या काळात बदलत गेले. ते का बदलले हे कळले तर नव्या डॉक्टरांच्या म्हणण्यातला ‘जुनी’ हा शब्द तुम्हाला नीट उलगडेल.

स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक हृदयशूलावर औषध शोधत होते. हृदयाला जास्त रक्त पुरवण्याऐवजी त्याची गरजच कमी करावी, हा त्यांचा विचार होता. त्यातून १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल आले. हे औषध घेणाऱ्यांचा रक्तदाबही उतरतो, हे लंडनच्या ब्रायन प्रिचर्ड यांनी त्याच वर्षी नोंदवले. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७० च्या दशकात अटेनोलॉल आले. ते दिवसातून एकदा घ्यायचे, स्वस्त, मेंदूत फारसे न शिरणारे, श्वासनलिकांना तुलनेने कमी त्रास देणारे, त्यामुळे जगभर आणि आपल्याकडेही बीपी म्हटले की अटेनोलॉल असे समीकरण झाले. मग मोठ्या चाचण्यांत त्याची इतर औषधांशी समोरासमोर तुलना झाली. २००२ मध्ये ‘लाइफ’ नावाच्या चाचणीत बीपीमुळे हृदयाचा स्नायू जाड झालेल्या ९,१९३ रुग्णांत लोसार्टन हे दुसऱ्या वर्गातले बीपीचे औषध आणि अटेनोलॉल यांनी बीपी जवळपास सारखेच उतरवले, तरी पक्षाघाताचे प्रमाण लोसार्टनच्या गटात २५ टक्क्यांनी कमी राहिले. २००५ मध्ये ‘ॲस्कॉट’ या १९,२५७ रुग्णांच्या चाचणीत ॲम्लोडिपिनवर आधारलेल्या उपचाराने अटेनोलॉलवर आधारलेल्या उपचारापेक्षा पक्षाघात २३ टक्क्यांनी कमी झाले आणि नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाणही कमी दिसले. ती चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवावी लागली. त्या चाचणीत ॲम्लोडिपिनच्या गटाचे बीपीही किंचित जास्त उतरले होते, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे.

बीपी सारखे उतरूनही पक्षाघातात फरक का पडावा? एक पटणारे कारण असे की दंडावर मोजलेला दाब आणि हृदयालगतच्या महारोहिणीतला दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲस्कॉटच्याच काही रुग्णांत हे मोजून पाहिले, तेव्हा दंडावर आकडे जवळपास सारखे दिसत असूनही महारोहिणीतला वरचा दाब अटेनोलॉलच्या गटात सुमारे ४ मिलिमीटरने जास्त निघाला. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना तो आतला दाब सोसावा लागतो. नाडी फार मंद झाली की परतून येणारी दाबाची लाट चुकीच्या वेळी पुढच्या लाटेला येऊन मिळते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

या अभ्यासांनंतर २००६ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी बीटा-ब्लॉकरना पहिल्या पसंतीवरून खाली उतरवले. अमेरिकेतही आज हृदयविकार किंवा हृदयाची दुर्बलता असल्याशिवाय बीपीच्या उपचाराची सुरुवात बीटा-ब्लॉकरनी करत नाहीत. भारतात २०१७ पासून चाललेल्या सरकारी उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता, आणि त्याच्या पायऱ्याही ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन अशा औषधांवर बेतलेल्या आहेत. उलट युरोपच्या उच्च रक्तदाब संस्थेने २०२३ मध्ये बीटा-ब्लॉकरना पुन्हा पाच मुख्य वर्गांत बसवले आहे, कारण बीपीच्या अनेक रुग्णांना पुढे-मागे त्यांची गरज पडणारे दुसरे दुखणे असतेच. तेव्हा वैद्यकाने त्यांना निकालात काढलेले नाही. मात्र केवळ बीपी आहे आणि दुसरे काहीच नाही, अशा माणसाला ते आता सहसा पहिले औषध म्हणून देत नाहीत.

यावरून लक्षात येईल की ‘सर्वांत चांगली कोणती’ या प्रश्नाच्या आधी ‘ही जात मला हवीच कशाला’ हा प्रश्न येतो. कारण असेल तर त्या कारणावरून गोळी ठरते. चार घरच्या चार गोळ्यांची तुलना मी याच अंगाने करते.

आधी मिलिग्रॅमचा एक गैरसमज दूर करते. भाच्याने नेबिव्होलॉल ५ मिलिग्रॅमला ‘हलकी’ आणि तुमच्या ५० मिलिग्रॅमला ‘भारी’ म्हटले आहे. दोन वेगळ्या औषधांचा जोर असा आकड्यावर तोलता येत नाही. बायसोप्रोलॉल ५, नेबिव्होलॉल ५ आणि अटेनोलॉल ५० हे आकडे कितीही वेगळे दिसले, तरी प्रत्येक जण आपापल्या मापात नेहमीच्या मात्रेचाच आहे.

तुमचे अटेनोलॉल पाण्यात विरघळणारे आहे आणि ते जवळजवळ सगळे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. साठीनंतर मूत्रपिंडाची क्षमता हळूहळू कमी होते, तेव्हा तीच ५० मिलिग्रॅमची गोळी रक्तात जास्त साचू लागते आणि नाडी अधिक मंदावते. मूत्रपिंड कसे चालते हे दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीचा आकडा तुमच्या पत्रात कुठेच नाही. ती तपासणी करून घ्या, कारण चौदा वर्षांपूर्वीची मात्रा आजच्या शरीराला जास्त होत असू शकते. रक्तातले अटेनोलॉल साधारण सहा-सात तासांत निम्मे होते, त्यामुळे सकाळी एकदाच घेतलेल्या गोळीचा पहाटेपर्यंत पुरेसा प्रभाव सर्वांवर टिकतोच असे नाही.

शेजारणीच्या मेटोप्रोलॉलचे दोन अवतार आहेत, आणि रुग्णांचा इथे नेहमी घोटाळा होतो. टार्ट्रेट हा साधा प्रकार दिवसातून दोनदा घ्यावा लागतो. सक्सिनेट हा हळूहळू सुटणारा प्रकार एकदाच पुरतो, आणि त्या पट्टीवर नावापुढे ‘एक्सएल’ किंवा ‘ईआर’ असे छापलेले असते. हळू सुटणारी गोळी चावायची किंवा कुटायची नसते, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. मेटोप्रोलॉल यकृतात मोडते. मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांना ते त्यामुळे सोयीचे, पण ते मोडणारे एन्झाइम काही जणांत जन्मतः मंद असते आणि फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनीही ते अडते. अशांना थोडीशी मात्राही जड जाते. ते मेंदूत बऱ्यापैकी शिरते, म्हणून विचित्र स्वप्ने पडतात अशी तक्रार मी त्याबाबत जास्त ऐकते. शेजारणींना एक निरोप द्या. तुम्ही लिहिता की त्या इन्सुलिनही घेतात. साखर अचानक उतरली की होणारी धडधड आणि थरथर बीटा-ब्लॉकरमुळे झाकली जाते, घाम मात्र फुटतो. तेव्हा कारणाशिवाय घाम आला तर त्यांनी धडधडीची वाट न पाहता साखर तपासावी.

बायसोप्रोलॉल बीटा-१ निवडण्यात या तिघांत अधिक काटेकोर आहे. ते निम्मे यकृतातून आणि निम्मे मूत्रपिंडातून जाते, म्हणून एक अवयव थोडा कमी पडला तरी दुसरा सांभाळून घेतो, आणि दिवसातून एकदा घेणे पुरते. केवळ औषधाच्या गुणांवरून निवडायचे झाले, तर श्वासाची थोडी तक्रार असून हृदयासाठी बीटा-ब्लॉकर अटळ असलेल्या रुग्णाला मी बहुधा हेच, अगदी लहान मात्रेपासून आणि नजरेखाली ठेवून देते. पण काटेकोर म्हणजे निर्धोक नव्हे. मात्रा वाढली की ही निवड ढिली पडते आणि बीटा-२ सुद्धा अडू लागते.

नेबिव्होलॉलविषयी भाचा जे म्हणतो त्यात तथ्य आहे. ते बीटा-१ वर नेमके बसते आणि शिवाय रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सोडवून त्या सैल करते. त्यामुळे हातपाय गार पडणे, थकवा, पुरुषांतील लैंगिक तक्रारी यांचा त्रास अटेनोलॉलपेक्षा कमी दिसतो. साखरेवरही त्याचा वाईट परिणाम जवळपास होत नाही. परंतु ‘सर्वांत चांगली’ हा निकाल मी देणार नाही. लाइफ आणि ॲस्कॉट यांत अटेनोलॉल जसे हजारो बीपीच्या रुग्णांत वर्षानुवर्षे पारखले गेले, तशी पारख साध्या बीपीसाठी नेबिव्होलॉलची झालेली नाही. बीपीच्या रुग्णांत ते पक्षाघात अधिक टाळते, असे दाखवणारा पुरावा आज आपल्या हाती नाही. अटेनोलॉलचा कमीपणा सिद्ध झाला म्हणून नेबिव्होलॉलचा मोठेपणा आपोआप सिद्ध होत नाही.

या चौघांखेरीज कार्व्हेडिलॉल बीटाबरोबर अल्फा जागाही अडवून रक्तवाहिन्या रुंदावते. ते जेवणाबरोबर दिवसातून दोनदा घ्यायचे असते आणि हृदयाच्या दुर्बलतेत फार उपयोगी पडते, पण ते बीटा-२ ही अडवत असल्याने दम्यात वर्ज्य आहे. लॅबेटालॉल गरोदरपणातल्या बीपीसाठी नावाजलेले आहे. अटेनोलॉल मात्र त्या काळात टाळतात, कारण बाळाची वाढ खुंटू शकते. तुमच्या सुनेला दिवस गेले आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मुद्दाम सांगते : तिचे बीपी वाढले तर घरातली तुमची गोळी तिला चुकूनही देऊ नका.

आता तुमच्यापुरते. तुम्हाला हृदयविकाराचा झटका आलेला नाही, हृदयशूल नाही, इको नॉर्मल आहे, नाडीची अनियमितता नाही, अर्धशिशी किंवा थायरॉइडची तक्रारही तुम्ही लिहिलेली नाही. म्हणजे बीटा-ब्लॉकर हवेच असे एकही कारण मला पत्रात दिसत नाही. ते नको अशी कारणे मात्र चार दिसतात : पावसाळ्यातली धाप, ५४ ची नाडी आणि त्याबरोबरचा थकवा, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर, आणि डोळ्यांतले टिमोलॉल. अशा वेळी अटेनोलॉलच्या जागी मेटोप्रोलॉल, बायसोप्रोलॉल किंवा नेबिव्होलॉल आणणे म्हणजे त्याच घरातली एक व्यक्ती उठवून दुसरी बसवणे होईल. तुमच्या फिजिशियनशी बोलताना, ‘बीटा-ब्लॉकरची जातच बदलून टेल्मिसार्टनसारखे औषध ॲम्लोडिपिनच्या जोडीला चालेल का?’ असा प्रश्न विचारा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तसे ठरले तर सुरुवातीला आणि दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे लागेल. दुसरी एक बाब, व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम ही औषधे बीटा-ब्लॉकर अंगात असताना सुरू झाली तर नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते, तेव्हा कोणतेही नवे औषध घेताना चालू गोळीचे पूर्ण नाव सांगा.

अटेनोलॉल उतरवायचे ते पायरीपायरीने. सामान्यतः मात्रा निम्मी करून एक-दोन आठवडे थांबतात, मग आणखी निम्मी करतात आणि मग बंद करतात, आणि नवे औषध त्याआधीच सुरू झालेले असते. इथे तुमच्या बाबतीत एक अडचण आहे, ती डॉक्टरांच्या नजरेस नक्की आणून द्या. तुमची गोळी जोडगोळी आहे. तिचे सुरीने दोन तुकडे केले तर अटेनोलॉलबरोबर ॲम्लोडिपिनही निम्मे होईल आणि बीपी चढेल. म्हणून उतरवण्याच्या काळापुरत्या दोन्ही औषधांच्या वेगवेगळ्या गोळ्या लिहून घ्याव्या लागतील. या काळात जड ओझे उचलणे, गच्चीत वाळवण नेणे, लग्नघरची धावपळ टाळा आणि छातीत दुखले तर लगेच डॉक्टरांना कळवा.

रोजच्या नोंदीसाठी जुन्या वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा : तारीख, वेळ, वरचे बीपी, खालचे बीपी, नाडी. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसल्यावर, दंड छातीच्या पातळीला टेबलावर ठेवून, दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. मोजताना बोलू नका, पायावर पाय ठेवू नका. घरी मोजलेल्या आकड्यांची सरासरी १३५/८५ च्या खाली असावी अशी अपेक्षा असते, त्यामुळे तुमच्या १३८ कडेही लक्ष द्यायला हवे. यंत्र नसेल तेव्हा नाडी हातानेच मोजा : अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटे ठेवा, घड्याळाच्या सेकंदकाट्यावर तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. नाडी ५० च्या खाली गेली, चक्कर आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यांसाठी तुम्ही स्वतःच आणून घेता त्या वेदनाशामक गोळ्यांचाही उल्लेख डॉक्टरांकडे करा, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात.

शेवटचा मुद्दा तुमच्या वन्संचा. तुम्ही लिहिता, ‘डॉक्टर माझी बदलताहेत तर वन्सं म्हणतात मीही बायसोप्रोलॉल बंद करते, आमची एकाच जातीची ना.’ त्यांना तीन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला आहे आणि इकोत हृदयाची पंप करण्याची क्षमता कमी आहे, असे तुमच्याच पत्रात आहे. हृदय असे दुर्बल असताना बायसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि कार्व्हेडिलॉल ही औषधे आयुष्य वाढवतात, हे १९९९ आणि त्यानंतरच्या मोठ्या चाचण्यांत निर्विवाद सिद्ध झाले आहे. त्यांच्यासाठी ती केवळ बीपीची गोळी नाही. पत्र वाचून झाल्यावर कृपया आजच त्यांना फोन करा आणि उद्या सकाळची गोळी त्यांनी घेतली का, हे उद्या पुन्हा विचारा.

आपली,
सदरातील डॉक्टर